आधी कुवत की आधी अधिकार?

"ग्रामपंचायतीच्या अंगी ती कुवतच नाही" हे वाक्य जिल्ह्याच्या कचेरीत, वर्तमानपत्राच्या स्तंभात आणि शहरातील दिवाणखान्यात सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. गावाच्या हाती अधिक निधी द्यावा असे कोणी सुचविले की ते पुढे येते. गावाला नियोजनाचे अधिकार द्यावेत असे म्हटले की पुन्हा तेच. वरवर पाहता हे एक साधे प्रशासकीय मत आहे. परंतु आम्हांस असे वाटते की, या वाक्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याच्या हाती आजवर फारसे काही दिलेच नाही, त्यास असमर्थ ठरविणे न्यायाचे आहे काय? आणि दुसऱ्या बाजूने, जो खरोखरच असमर्थ आहे त्याच्या हाती सार्वजनिक पैसा, म्हणजे सर्वांच्या घामाचा पैसा, सोपविणे तरी न्यायाचे ठरेल काय?

हे प्रश्न हवेत सोडविता येत नाहीत. त्यांस माती लागते. म्हणून आम्ही पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका विचारार्थ घेत आहोत. पुण्याच्या वेशीपासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेल्या या एका तालुक्यात गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची जवळजवळ सर्व रूपे पाहावयास मिळतात.

पहिले रूप १९२१ चे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेस कोकणात सोडावे, आणि त्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यापासून मुंबईसाठी वीज निर्माण करावी, अशी टाटांच्या वीज कंपनीची योजना होती. तत्कालीन मुंबई सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे बळ कंपनीच्या पाठीशी उभे केले. मावळ्यांची सुमारे पन्नास गावे आणि त्यांची भाताची खाचरे यांवर हे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. पुढे पांडुरंग महादेव बापट त्याचे अग्रणी झाले आणि याच लढ्याने त्यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली. लढा हरला. धरण झाले, आणि १९२७ पासून भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. ज्या पाण्याने पूर्वेस भीमेकडे जावयाचे, ते कुंडलिकेच्या पात्रात उतरू लागले.

या कथेतील शौर्याचे गुणगान पुष्कळदा झाले आहे. आम्हांस येथे तिचा एक वेगळा पैलू महत्त्वाचा वाटतो. मुंबईच्या गिरण्यांना व घरांना वीज मिळणे ही गोष्ट वाईट होती, असे कोण म्हणेल? सार्वजनिक हित खोटे नव्हते. परंतु ते हित काय, त्याची किंमत किती आणि ती कोणी द्यावयाची, हे तिन्ही निर्णय अशा ठिकाणी झाले की जेथे किंमत देणाऱ्यास बसावयास जागा नव्हती. गावाचे मत विचारण्याची रीतच कायद्यात नव्हती. शिवाय गावही एकमुखी नव्हते. जमिनीचे कागद पुण्याच्या सावकारांच्या पेटीत आणि नांगर मावळ्याच्या हाती, अशी स्थिती असल्यामुळे, नुकसानभरपाई घ्यावी की जमीन राखावी या प्रश्नावर सावकार व कूळ यांच्या वाटा फुटल्या. गाव म्हणजे एक हृदय, एक मन, ही कल्पना त्या वेळीही खरी नव्हती, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवे.

स्वातंत्र्यानंतर ही रीत बदलावी, असा राष्ट्राचा संकल्प होता. राज्यघटनेच्या ४० व्या अनुच्छेदाने ग्रामपंचायती संघटित करण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले. आपल्या राज्यात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला, १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने घटनेस अकरावी अनुसूची जोडली व तीत शेती, लघुपाटबंधारे, पिण्याचे पाणी, सामाजिक वनीकरण, प्राथमिक शिक्षण, आरोग्य असे २९ विषय पंचायत राज्याच्या कक्षेतील म्हणून मोजून दिले.

मात्र या दुरुस्तीची शब्दयोजना बारकाईने वाचण्यासारखी आहे. निवडणुका वेळेवर झाल्याच पाहिजेत, अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांस जागा राखून ठेवल्याच पाहिजेत, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमलाच पाहिजे, असे बंधन तीत आहे. परंतु अधिकार व पैसा किती द्यावयाचा, हे राज्याच्या विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले आहे. पंचायत असलीच पाहिजे, पण तिला काही करता आलेच पाहिजे असे नाही, असा याचा व्यवहारातील अर्थ होतो. जन्म दिला, नाव ठेवले, पण पोसण्याचे वचन दिले नाही.

आता दुसरे रूप पाहू. मुळशी तालुक्याच्या दक्षिणेस मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाणलोटात, लवासा नावाचे गिरिशहर उभे राहिले. २००१ साली मुळशी व वेल्हे या तालुक्यांतील १८ गावे गिरिस्थान म्हणून अधिसूचित झाली. २००८ साली राज्य शासनाने ते शहर उभारणाऱ्या कंपनीसच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. म्हणजे बांधणारा तोच, आणि बांधकामास परवानगी देणाराही तोच. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा आदेश दिला. पुढील वर्षी अटींवर मंजुरी मिळाली. २०१७ साली तो विशेष दर्जा काढून घेण्यात आला, आणि २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली.

त्या प्रकल्पाच्या गुणदोषांचा निवाडा करणे हा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : एखाद्या खाजगी संस्थेस शहर चालविण्याचे अधिकार देताना, 'तुम्हांस याआधी लोकराज्य चालविण्याचा अनुभव किती?' असे कोणी विचारले होते काय? तेथे कुवत आधी सिद्ध करावी लागली नाही. अधिकार आधी मिळाले, कुवत मागाहून येईल असे गृहीत धरले गेले. अभियंते, नियोजनकार, हिशेबनीस पगारावर ठेवता येतात, हे सर्वांना ठाऊक होते. मग हेच गृहीतक त्या खोऱ्यातील ग्रामपंचायतींना का लागू पडू नये? त्यांनाही अभियंता पगारावर ठेवता आला असता. त्यासाठी लागणारा पैसा आणि अधिकार तेवढा नव्हता. 'आधी कुवत दाखवा' ही अट सर्वांना सारखी लावली जात नाही. ती दुबळ्यांपुरती राखून ठेवलेली आहे. जी अट फक्त दुबळ्यांना लावली जाते, तिच्यातील न्याय आपण तपासून पाहिला पाहिजे. आणखी एक फरक आहे. कंपनी अडचणीत आली की तिचा मालक बदलू शकतो. ग्रामपंचायतीस आपले गाव सोडून कोठे जाता येत नाही. ज्याला चुकीची फळे पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागणार, तो निर्णयाच्या वेळी दाराबाहेर होता.

तिसरे रूप तालुक्याच्या पूर्वेस, हिंजवडी-माण-मारुंजीच्या परिसरात दिसते. भाताच्या आणि ज्वारीच्या शेतांवर राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, देशोदेशींच्या कंपन्या आल्या, आणि बहुमजली घरांच्या रांगा लागल्या. या सर्वांच्या खाली पाया म्हणून राहिली ती ग्रामपंचायतच. काही रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याचे. नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. कचरा आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीची. पावसाळ्यात रस्त्यास नदीचे रूप आले की कोणास जाब विचारावा, हे नागरिकास कळत नाही, आणि अनेकांच्या हाती असलेले काम कोणाच्याच हातून होत नाही. मग निष्कर्ष निघतो : ग्रामपंचायतीस झेपत नाही, गाव महापालिकेत घ्या. २०२१ च्या जूनअखेर सूस, म्हाळुंगे व बावधन बुद्रुक ही मुळशीची गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. त्या त्या गावांच्या दृष्टीने हे योग्यही असेल. परंतु जमिनीच्या व्यवहारांवरील मुद्रांक शुल्काचा एक हिस्सा जिल्हा परिषदेस व ग्रामपंचायतीस मिळतो. सधन गावे बाहेर पडली की जिल्हा परिषदेचा तो झरा तेवढ्यापुरता आटतो. गाव कमावते झाले की ते गावकीतून बाहेर पडते, आणि घरात राहतात ती न कमावणारी भावंडे.

ही न कमावणारी भावंडे म्हणजे तालुक्याचा पश्चिम भाग. ताम्हिणीच्या अंगाचा हा मुलूख राज्यातील अतिशय पर्जन्याच्या प्रदेशांपैकी आहे. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, धनगरांची व कातकऱ्यांची घरे, एकापेक्षा अधिक गावे सांभाळणारा ग्रामपंचायत अधिकारी. आषाढात येथे ढग फुटतात आणि वैशाखात काही वाड्यांतील बायका हंडे घेऊन उतारावरून खाली जातात. धरणाच्या काठावर राहून पाण्यास महाग, ही या भागाची जुनी तक्रार आहे. आता पैशाचे पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २,३६,८०५ कोटी रुपये ठरविले. राज्याराज्यांत ते वाटताना लोकसंख्येस ९० टक्के आणि क्षेत्रफळास १० टक्के वजन दिले गेले. राज्यांच्या बाबतीत हे तत्त्व क्षम्य असेल. परंतु खाली गावापर्यंत येतानाही डोकी मोजण्याचाच रिवाज चालू राहिला, तर ताम्हिणीच्या पायथ्याशी त्याचा अर्थ फार विचित्र होतो. ज्या गावात माणसे थोडी, पण जंगल, उतार आणि पाण्याचे उगम पुष्कळ, त्या गावाच्या वाट्यास पैसा थोडा आणि राखणीचे काम मोठे. खालची शहरे ज्या पाण्यावर आणि विजेवर जगतात, त्याचे राखणदार मोजणीत येत नाहीत. येतात ती फक्त डोकी. शाश्वत विकास, शाश्वत विकास असा जप आपण करतो. पण डोंगर राखण्याचे काम हेही काम आहे आणि त्यासही मजुरी द्यावयास हवी, हे आपल्या हिशेबाच्या वहीत अजून पुरते शिरलेले नाही.

येथवर आम्ही गावाची बाजू मांडली. आता विरुद्ध पक्षासही त्याचे म्हणणे पूर्णपणे मांडू दिले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. मोकळा निधी हाती आला की पुष्कळ ठिकाणी तो प्रवेशद्वाराच्या कमानीवर आणि पेव्हिंग ब्लॉकवर जातो. पाणलोटाचे काम डोळ्यांत भरत नाही, कमान भरते. सरपंचाचा नातलग ठेकेदार असतो. ग्रामसभा कागदावर भरते आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात. मुळशीत तर जमिनीच्या सोन्याने अनेकांची मती फिरविली. शेत विकून आलेला पैसा गाड्यांत आणि सोन्याच्या साखळ्यांत विरला, आणि तरुण पोरे दलालीच्या व गुन्हेगारीच्या वाटेस लागली. २०१८ साली या तालुक्याचेच नाव घेऊन निघालेल्या मराठी चित्रपटाने ती शोकांतिका घरोघर पोहोचविली. या व्यवहारांत गावचे पुढारी नेहमीच निष्पाप प्रेक्षक होते, असे म्हणता येणार नाही.

याहूनही गंभीर आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे बोलताना त्यांनी खेड्याच्या गौरवास स्पष्ट शब्दांत विरोध केला, आणि व्यक्ती हाच घटनेचा एकक मानला गेला याबद्दल समाधान व्यक्त केले. ज्याने खेड्याची सीमा बाहेरून पाहिली आहे, ज्यास पाणवठ्यावर हात लावू दिला गेला नाही, त्यास 'गावाच्या हाती सत्ता' या शब्दांची भीती वाटणे स्वाभाविक आहे. गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावातील कोणाच्या हाती? कातकरी वाडीच्या, की पाटलाच्या वाड्याच्या? १९२१ सालचा सावकार आणि कूळ यांच्यातील फाटा येथे पुन्हा आपल्यापुढे उभा राहतो.

तेव्हा हा पेच सोडवावा कसा? ख्रिस्ती समाजचिंतनात एक जुने तत्त्व आहे, ते येथे उपयोगी पडते. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात असे प्रतिपादन केले की, लहान संस्था जे काम स्वतः करू शकते ते काढून मोठ्या संस्थेच्या हाती देणे हा अन्याय आहे. त्यास पूरकतेचे तत्त्व म्हणतात. पुष्कळदा त्याचा अर्धाच अर्थ घेतला जातो : वरच्यांनी खालच्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये, एवढाच. परंतु ज्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले, त्याचा मूळ अर्थ 'साहाय्य' असा आहे. म्हणजे वरच्या संस्थेची दोन कर्तव्ये झाली. हिरावून घेऊ नये हे एक; आणि कमी पडत असेल तेथे हात द्यावा, तोही अशा रीतीने की पुढे त्या हाताची गरज उरू नये, हे दुसरे. आईने मुलाचे बोट धरावयाचे ते त्यास चालता यावे म्हणून. जन्मभर कडेवर घेण्यासाठी नव्हे, आणि 'आधी चालून दाखव, मग बोट देईन' असे म्हणण्यासाठीही नव्हे.

या प्रकाशात पाहिले म्हणजे आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे निघते : कुवत ही अधिकाराची पूर्वअट नव्हे, ती वरच्यांनी खालच्यांचे देणे लागते. ग्रामपंचायतीस अभियंता नसेल, हिशेबनीस नसेल, नकाशे नसतील, तर तो तिच्या अपात्रतेचा पुरावा नसून आपल्या थकबाकीचा पुरावा आहे.

आंबेडकरांच्या आक्षेपाचे उत्तरही यातच सापडते, मात्र त्यासाठी अटींमधील भेद ओळखावा लागेल. निधीस जोडलेल्या अटी दोन जातींच्या असतात. एक जात गावातील दुबळ्यांचे रक्षण करणारी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, हा आपल्या राज्यातील दंडक या जातीचा. स्त्रियांस ५० टक्के जागा हा २०११ चा निर्णयही या जातीचा. हिशेब सर्वांसमोर वाचावा, ही अट याच जातीची. या अटी सैल करू नयेत, उलट आवळाव्यात. दुसरी जात गावाने काय विकत घ्यावे हे वरून ठरविणारी. पंधराव्या वित्त आयोगाने निधीचे ६० टक्के पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून ठेवले. हेतू चांगला, यात शंका नाही. परंतु ज्या वाडीचा डोंगर खचू पाहतो आहे, तिची पहिली गरज कदाचित वेगळी असेल, आणि ती वाडीसच ठाऊक असणार. पहिल्या जातीची अट गावास न्यायाने वागावयास लावते. दुसरी त्यास विचार करण्यापासून सोडविते. जो विचार करीत नाही, त्याची कुवत वाढणार कशी?

कुवत वापराने येते, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार हे १९८० च्या दशकात दुष्काळाने व व्यसनाने पोखरलेले गाव होते. पुढे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने जे पाणलोटाचे काम केले, त्याचा पुष्कळसा पैसा रोजगार हमी आणि आदर्श गाव यांसारख्या सरकारी योजनांचा होता. म्हणजे जो इतर गावांसही खुला होता. फरक एवढाच की, तेथे ग्रामसभा खरोखर भरली, आणि कूपनलिकांवरचे व अधिक पाणी पिणाऱ्या पिकांवरचे निर्बंध लोकांनी स्वतः स्वीकारले. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत त्यांनी घातली. ती कुवत गावात आधी होती आणि मग काम झाले, असे नाही. कामातून ती आली. मात्र एका कर्त्या पुरुषाच्या भाग्यावर राज्यातील हजारो ग्रामपंचायतींचे भवितव्य टांगून ठेवता येणार नाही, हेही तितकेच खरे. संत क्वचित जन्मतात. व्यवस्था अशी हवी की, सामान्य माणसाच्या हातूनही बरे काम व्हावे.

आणि येथे वरच्यांच्या कुवतीबद्दलही एक प्रश्न विचारावा लागतो. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या, आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. निवडून आलेली संस्था नसेल तर वित्त आयोगाचे अनुदान नाही, ही अट तत्त्वतः योग्यच. परंतु निवडणूक घेणे हे जिल्हा परिषदेच्या हाती नव्हते, मुळशीच्या मतदाराच्या हाती तर नव्हतेच. घटनेने बंधनकारक केलेली निवडणूक वेळेवर घेता आली नाही, म्हणून कोणी 'राज्याच्या अंगी कुवत नाही, त्याचे अधिकार काढून घ्या' असे म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कुवतीची परीक्षा नेहमी खालच्या बाकावरच घेतली जाते.

मग करावे काय? गावास पुढील पाच वर्षांत किती पैसा मिळणार हे आधी व निश्चित कळावे, म्हणजे आराखडा हा मागण्यांची यादी न राहता विचाराचे साधन होईल. दहाबारा लहान ग्रामपंचायतींनी मिळून एक अभियंता व एक हिशेबनीस ठेवावा, आणि त्यांचा पगार राज्याने द्यावा. निधीच्या वाटपात जंगल, उतार आणि पाणलोट यांस वजन मिळावे. या गोष्टी अशक्य नाहीत. लवासासाठी जेवढी तत्परता दाखविली गेली, तिचा काही अंश पुरेसा आहे.

वाचकहो, शेवटी एक शब्द आपल्यासाठी. आपल्यापैकी कित्येकांनी पौड रस्त्याच्या आसपास घर घेतले असेल, किंवा सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीचा पाऊस पाहून आपण परतत असू. त्या गावाची घरपट्टी आपण वेळेवर भरतो काय? तेथील मतदार असू, तर ग्रामसभेस कधी बसलो आहोत काय? आणि ज्या धर्मग्रामात आपण वावरतो, तेथेही प्रापंचिकांच्या हाती हिशेब आणि निर्णय सोपविण्याची वेळ आली की, 'त्यांना ते जमणार नाही' हेच वाक्य आपल्या, म्हणजे धर्मगुरूंच्याही, तोंडून निघते की नाही, हे तपासून पाहावे. दुसऱ्याच्या असमर्थतेवर विश्वास ठेवणे फार सोयीचे असते, कारण त्यामुळे आपली सत्ता सेवेसारखी दिसू लागते.

मुळशीच्या मावळ्यास १९२१ साली कोणी विचारले नाही. आज त्याच्या नातवंडांपुढे आराखड्याचा छापील नमुना येतो आणि सही कोठे करावयाची ते दाखविले जाते. विचारणे आणि सही घेणे यांत अंतर आहे. ते अंतर ज्या दिवशी कमी होऊ लागेल, त्या दिवशी कुवतीचा प्रश्नही सुटावयास लागेल.